वरचा एक रुपया

ब्रह्मपुरी
गुरुवार, २ एप्रिल २०२६
हनुमान जयंती

तीर्थरूप लटारूभाऊस,

धाकट्या नीलाचा नमस्कार. आशावहिनीलाही सांग. आम्ही इथे बरे आहोत. तुम्ही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला तर तू कापतोस.

तू बसवर टाकलेलं सामान मिळालं. तांदळाचा एक कट्टा, लाखोळीची डाळ, मोहफुलांची थैली आणि वहिनीनं दिलेलं कैरीचं लोणचं. कट्टा स्टँडवरून घरी आणायला ऑटोवाला ऐंशी म्हणत होता, साठात आणला. लोणच्याची बरणी कलंडून थैलीला तेल लागलं होतं, ती सोड्यानं धुतली. वाया काही गेलं नाही. साक्षगंधाच्या कपड्यांसाठी म्हणून पुनमच्या हाती दिलेले सात हजारही मिळाले. आणि तुझी लेक पुनम मिळाली. तिचं तिकीट तूच काढून दिलं होतंस, म्हणून तो खर्च माझ्याकडे लागला नाही.

त्याच आठवड्यात मुक्त विद्यापीठाची माझी दुसऱ्या वर्षाची पुस्तकंही आली. हे म्हणाले, "पन्नाशी आली, आता का कलेक्टर होतं का व?" मी म्हटलं, मॅट्रिकवर थांबले तेव्हा काऊन थांबली म्हणून कोणी विचारलं नाही, आता चालू लागले तर विचारू नका. तुलाही हसू येत असेल. येऊ दे.

या सत्रात मला एक गृहपाठ लिहून द्यायचा होता. विषय, 'बालहक्क आणि आंतरराष्ट्रीय राजनय'. राजनय म्हणजे देशादेशांतली बोलणी, कोणी कोणाला काय पाठवलं, कोणी काय कबूल केलं, कोण फिरलं. पुस्तकात आहे की १९८९ साली जगातल्या देशांनी मिळून मुलांच्या हक्कांचा एक करार केला. अठरा वर्षांच्या आतलं ते मूल. त्याला शाळा पाहिजे, दवापाणी पाहिजे, खेळ पाहिजे. आणि बारावं कलम असं की मुलाच्या बाबतीत काही ठरवायचं तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. तीन वर्षांनी आपल्या देशानंही तो मान्य केला. वाचताना मला इतकं बरं वाटलं की दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाही.

पुढचं पान उलटलं आणि चीड आली. करार मान्य करताना देश म्हणू शकतो, बाकी सगळं कबूल, एवढं एक कलम आम्ही आमच्या सवडीनं पाळू. मुलांच्या कामधंद्याच्या कलमावर आपणही तसंच लिहून दिलं आहे, हळूहळू करू म्हणून. अमेरिकेनं तर सही केली आणि घरी जाऊन ती पक्की केलीच नाही, तीस वर्षं होऊन गेली. मला वाटलं, ही सगळी तर माझ्या ओळखीची माणसं आहेत.

गेल्या वर्षी ग्रामसभेत अठराच्या आत पोरीचं लग्न करायचं नाही असा ठराव झाला, तेव्हा तू उभा राहून हात वर केला होतास. वहिनीनंच मला कौतुकानं सांगितलं होतं. आणि आता म्हणतोस, "लग्न कुठी करून राह्यलो? साक्षगंध तं करून राह्यलो. लग्न अठरा झाल्यावर." म्हणजे पंधरा वर्षांची पोरगी तीन वर्षं दुसऱ्याच्या नावानं घरात बसवून ठेवायची. मग तिला शाळेत कोण जाऊ देईल? वडशाचे सासरचे म्हणतील, आमची सून रस्त्यानं एकटी फिरते. तू म्हणशील, आता आपल्याला अधिकार नाही. हे मी फोनवर बोलले तर "चार बुकं आले अन् मलेच शिकवून राह्यली" म्हणून तू फोन ठेवलास, तो आजवर ठेवलेलाच आहे.

भाऊ, तू भ्यालास हे मला समजतं. नाल्यापलीकडे वाघानं त्या बाईला नेलं, त्याच रस्त्यानं पुनम सायकलनं सिंदेवाहीला जायची. तुमच्या गावची सकाळची गाडी बंद झालेली. वाघ पाहायला कुठून कुठून लोक कॅमेरे घेऊन येतात, त्यांच्यासाठी जिप्सी आहेत, आणि त्याच जंगलातून शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी एक गाडी सुरू होत नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही तिला घरी बसवलं असतं. एक आठवडा, दोन आठवडे. पण घरी बसलेली पोरगी दिसायला लागली म्हणून तिचं साक्षगंध करायचं, हे मी तुझ्या जागी असते तरी केलं नसतं.

आता ती माझ्याकडे आलीच होती तर मी तिला विचारलं. तुम्ही कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिला आधी प्रश्नच कळला नाही. दारात बसून कैरीला तिखटमीठ लावून खात होती.

"पुनम, तुले हे पायजे आहे का?"

"कैरी?"

"साक्षगंध."

तिनं बोटं चाटली. "पोरगा बरा आहे व आत्या. दात चांगले आहेत त्याचे." मग कैरीची दुसरी फोड उचलत म्हणाली, "पण बाबानं माही सायकल मामाच्या पोराले देऊन टाकली. मले इचारलं बी नाई."

आणि रडायला लागली. साक्षगंधासाठी नाही रे, सायकलीसाठी. हुंदके देऊन. मी तिला थांबवलं नाही. शाळा, रस्ता, मैत्रिणी, सगळं तिच्यासाठी त्या सायकलीत होतं आणि तू ती भाच्याला देऊन मोकळा झालास. डोळे पुसून झाल्यावर तिनं मला विचारलं, "दहावीचं गणित लय कठीण राहते का?" ज्या पोरीला साक्षगंध पाहिजे ती असं विचारते का, तूच सांग.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी वडशाला गेले. कपडा तिथे इथल्यापेक्षा स्वस्त पडतो, तुला माहीत आहे. पुनमला घरी ठेवलं. दुकानात दोन शालू काढायला लावले, एकाचा पदर चांगला होता, पण भाव ऐकून परत ठेवले. मग वाटलं, इथवर आलोच आहोत तर गिरजाबाईकडे डोकावून जावं, मुलाची आई, नात्याची होणार. तिच्या अंगणात कुरडया चालल्या होत्या. बाजेवर धोतर अंथरलेलं, चीक शिजून तयार.

"या व बाई, बसा," म्हणाली. "हात धुवून या अन् सोऱ्या फिरवा. माहे हात भरून आले."

तर मी सोऱ्या फिरवला आणि ती वेटोळी घालत गेली. चार कुरडया झाल्यावर मी म्हटलं, "गिरजाबाई, पोरगी पंधराची आहे. इतकी घाई काऊन?"

"घाई?" तिनं मान वर केली. "मले कायची घाई? घाई तं तुह्या भावाले. माहा प्रफुल अजून फार्मसी शिकून राह्यला. तो मलेच बोलते, 'आई, ती शाळेतली पोरगी, मले का जेलात धाडतं का?' म्हून."

"मग पसंती काऊन दिली?"

"म्या कुठी देली?"

भाऊ, मी सोऱ्या खाली ठेवला. मग तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. गावात मंडईची जत्रा भरली, तिच्या नाटकाला तू त्यांना बोलावलंस, ते आले. रात्रभर नाटक पाहून सकाळी गिरजाबाईची शुगर उतरली. पुनमनं तिला गुळाचं पाणी दिलं, पाय दाबून दिले. "निंगताना म्या पोरीच्या हातावर पाचशेची नोट ठेवली," म्हणाली. "चायवाल्यानं वापस देलेला रुपया मुठीतच होता. तो बी त्यात गेला. आता रुपया का वापस मांगू?"

पाचशे एक! नुसते पाचशे असते तर खाऊचे होते. तू वरचा एक रुपया पाहिलास आणि देवापुढे नारळ फोडलास. पाहुण्या बाईनं पोरीच्या हातावर वर एक ठेवला की ती पसंती, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं, म्हणून तिला विचारायचं तुला सुचलंही नाही. आणि संक्रांतीला तू लुगडं आणि तिळाचे लाडू धाडलेस. ती म्हणते, "मी म्हटलं, पोरीवाल्यायकडून लुगडं आलं, म्हंजे त्यायच्या मनात आहे. पाहुण्याचं लुगडं वापस करू तं सात जल्माचं भांडण. म्हून म्या पायल धाडल्या." पायल आल्या म्हणून तू पंचांग काढलंस. फोनवर म्हणालास, अक्षय तृतीया बरी आहे. ती म्हणाली, बरीच आहे.

मी म्हटलं, "तुम्ही हो काऊन म्हटलं?"

"हो कुठी म्हटलं? तिथीले बरी म्हटलं. अक्षय तृतीयेले का वाईट म्हणू?"

मला हसावं की तो चीक तिच्या अंगावर ओतावा कळेना. तुम्ही दोघांनी मिळून एका पोरीचा जन्म बांधायला काढला आणि दोघांपैकी एकानंही तोंडानं ते मागितलेलं नाही. मी म्हटलं, मग मोडा. तर ती एकदम आवाज खाली करून म्हणाली, "म्या मोडू? लोक म्हणतीन पोराले कायतरी रोग असन. तुमी मोडा."

मनात चलबिचल झाली तेव्हा तूही वहिनीला हेच म्हणाला होतास. आपण मोडलं तर पोरीत खोट आहे म्हणतील, त्यायनंच मोडावं. दोघांनाही नको आहे आणि दोघंही दुसऱ्यानं आधी म्हणावं म्हणून बसले आहेत, आणि तिथी जवळ येत आहे. माझ्या पुस्तकात पानोपानी हेच आहे. हा देश म्हणतो आधी तो, तो म्हणतो आधी हा. मोठमोठ्या टेबलांवर पाण्याच्या बाटल्या ठेवून बसतात, फोटो काढतात, आणि तोवर ज्या पोरांच्या नावानं जमले ती पोरं मोठी होऊन जातात.

मी हे सगळं गृहपाठात लिहिलं. नावं बदलून. मंगळवारी अभ्यासकेंद्रावर शिकवणाऱ्या निशात मॅडमला दाखवलं, त्या वयानं माझ्या मुलीसारख्या आहेत. हसत वाचत होत्या, शेवटी कुरडयांच्या पानावर बोट ठेवलं.

"काकू, छान आहे. पण हे काढा. परीक्षक म्हणेल कुरडया कुठून आल्या?"

"मॅडम, पण असंच होते ना?"

"असंच होते. पण आपल्याला जिनेव्हा लिहावं लागतं."

घरी येऊन जिनेव्हा लिहिलं, ह्या कराराच्या बैठका भरतात ते शहर. तिथल्या लोकांना कुरडया करता येतात की नाही देव जाणे. मॅडमवर राग नाही, त्यांना माझ्या मार्कांची काळजी. पण लिहिताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

इतकं लिहिलं आणि जे सांगायला बसले ते अजून राहिलंच आहे. वर मी लिहिलं की कपडे पाहायला वडशाला गेले. ते खरं नाही. पायल घरून निघतानाच पर्समध्ये घातल्या होत्या. पुनमनं स्वतः पायांतून काढून दिल्या, सोबत येते म्हणाली, मीच नेलं नाही.

गिरजाबाई "तुमी मोडा, तुमी मोडा" करत होती, तेव्हा मी म्हटलं, "तर मी मोडते."

"तू कोन?"

"मी आत्या."

आपल्या घरी आत्यानं ओटी भरल्याशिवाय पोरगी साक्षगंधाच्या पाटावर बसत नाही. माझी ओटी आत्यानं भरली होती, ती आजारी होती तर तिला बैलगाडीनं आणलं होतं, तूच आणलं होतंस. मी गिरजाबाईला सांगितलं, पुनमची ओटी मी भरणार नाही. तुमच्या पोरात काही नाही, आमच्या पोरीत काही नाही, आत्या आडवी आली असं खुशाल सांगा. विचारतील त्यांना माझा पत्ता द्या. आणि पायल तिच्या मांडीवर ठेवल्या.

तिनं पायल उचलून पदरात बांधल्या आणि म्हणाली, "बाई, तुह्यावर लय बोल येईन व." मी म्हटलं, येऊ द्या. तिनं लुगडं आतून आणून दिलं, घडीही मोडलेली नव्हती. म्हणाली, "मी आठ दिवस कोनाले सांगत नाई. तू पहिले भावाले सांग." म्हणून हे पत्र.

भाऊ, मी सोळा सोमवार केलेली बाई आहे. ओटी हे देवीचं काम. ते एखाद्याच्या कामात आड घालायला वापरलं, म्हणून दोन दिवस मला महाकालीच्या तसबिरीकडे नीट पाहता आलं नाही. आज मारुतीला तेल वाहताना तेच डोक्यात होतं. शेवटी मनाला म्हटलं, ओटीत घालायचं ते पोरीचं बरं व्हावं म्हणून घालायचं. बरं होणार नाही हे दिसत असताना खण-नारळ घातला असता तर तेच खोटं झालं असतं. हे बरोबर आहे की मी सोयीचं करून घेतलं, ते देवी पाहील. तू त्यात पडू नको.

मला माहीत आहे, तू म्हणशील दुसरं कोणी भरेल, चुलतबहीण आहे. बसव तिला. गिरजाबाई आधीच मोकळी व्हायला बसली आहे, तू पुन्हा लुगडं पाठवलंस तर ती पुन्हा पायल पाठवेल, तिचा स्वभावच तसा. म्हणजे आता अडलं आहे ते फक्त तुझ्याजवळ.

हे म्हणाले, "आता भाऊबीज गेली समज." मी म्हटलं, जाऊ द्या. पण ते स्वयंपाकघरात गेल्यावर मी बाहेरच्या खोलीत बसून रडले. तुझ्याशिवाय मला माहेर कोणतं आहे? आईबाबा गेल्यावर गावचं नाटक म्हणजे तू, मंडईला बोलावणं म्हणजे तू. चिडले आहे, फार चिडले आहे, पण तुझ्यावर चिडायलाही तू समोर पाहिजेस.

पुढचं नीट वाच. नववीची परीक्षा दहा तारखेपासून आहे. हेडमास्तरांशी मी बोलले. ते म्हणाले, परीक्षेला बसली तर दहावीत जाईल, मुलगी हुशार आहे. मी तिला रोज इथून सकाळच्या गाडीनं सिंदेवाहीला नेईन आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर बसेन, माझं वाचन तिथे होईल. दहावी इथे ब्रह्मपुरीत, माझ्याकडे. शाळा घरापासून पायी आहे, मधे जंगल नाही. खाण्यापिण्याचं तू पाहू नको, एका पोरीचं जेवण माझ्या घरात निघतं. सात हजार तसेच ठेवले आहेत. तू म्हणशील तर पुस्तकांना लावीन, नाही तर परत करीन.

पण इथे नाव घालायला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे आणि तो बापाच्या अर्जाशिवाय मिळत नाही. हेडमास्तर त्यात चूक नाहीत. मी कितीही आडवी आले तरी पुनमचा बाप तू आहेस, ते काम माझ्या हातात नाही आणि असूही नये. अर्ज मी लिहून सोबत ठेवला आहे, तारखेची जागा मोकळी सोडली आहे. वाच. पटलं तर सही कर. परतीचं पाकीट तिकीट लावून घातलं आहे.

पुनम आत्ता आत भाज्या चिरते आहे. बाबाला काही लिहायचं आहे का विचारलं. म्हणाली, "मी रागावली नाई म्हणून लिही." मग म्हणाली, "नाई, तसं नको लिहू. रागावली आहे म्हणून लिही." दोन्ही लिहिलं.

भाऊ, तुझ्या मनात काय आहे ते आता मला कोणाकडून कळवू नको. वहिनीला सांगायला लावू नको, ह्यांना फोन करू नको, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती काही धाडू नको, मी त्यातून काय समजायचं? हो असेल तर हो लिही. नाही असेल तर नाही लिही, मी वाचीन आणि पुनमलाही वाचून दाखवीन. पण तुझ्या हातानं लिही, आणि उलट टपालानं लिही. परीक्षेला आठच दिवस आहेत.

तू काय म्हणतोस ते ऐकायला बसलेली,
तुझी बहीण
नीला